नशेत दिलेला कूलर

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे कूलरला गवत भरणं.

मार्च सरत आला होता. त्या दिवसांत नागपुरात ज्याच्या त्याच्या दारात कूलर उघडा पडलेला असतो, जाळ्या भिंतीला टेकवलेल्या, टाकी उलटी, आणि घरातला माणूस गंजलेल्या स्क्रूला शिव्या देत बसलेला. मी आयुष्यभर कूलरचंच काम केलं. पत्रा कापला, टाक्या जोडल्या, पंखे बसवले. सातवी नापास माणसाला पत्र्याशिवाय कोण विचारतो? लोकांचे कूलर होळीच्या आधी तयार करून द्यायचो आणि आमच्या घरचा सगळ्यात शेवटी, तोही तिनं तीनदा टोकल्यावर.

"वस्तीले थंडी वाटत फिरता," ती म्हणायची, "आन घरच्या बाईनं पुठ्ठ्यानं वारा घ्याचा."

त्या सकाळी ती गल्लीतच पाटावर बसली, जाळी मांडीवर घेतली आणि जुनं काळं गवत उपसून काढलं. नवं गवत ती बोटांनी मोकळं करून पसरायची. तारा मी वाकवायचो. एक जाळी मात्र मी हट्टानं स्वतः भरली, कारण मी मिस्त्री आणि ती बाई, असं माझं शास्त्र.

"जाड झालं इथं," ती म्हणाली.

"झालं तं झालं. प्रदर्शनात ठेवाचं आहे का?"

"पानी उतरत नाही मंग. धंदा कोनाचा आहे, तुमचा का माह्या?"

समोरच्या घरातली बाई तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. हिची जिवाभावाची मैत्रीण. आम्ही या गल्लीत आलो तेव्हापासून दोघींचं सगळं एकत्र, पापडापासून भांडणापर्यंत. मला ती भाऊजी म्हणते, मी तिला वहिनी.

"ताई, भाऊजीले गवताले हात नका लावू देऊ," ती तिथूनच बोलली. "मागच्या साली माह्या कूलरात असं ठासून भरलं का पानी वरच्या वरच बसून राह्यलं."

"तुमच्या कूलरात गुण नाही वहिनी," मी म्हणालो.

"होव. मिस्त्रीत लय गुण आहे ना."

दोघी हसल्या. मी तार लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, पंप नुसता गुरगुरला. जळला होता.

"पंप आनाले जातो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं वर पाहिलं. "पंप आनाले जाता ना? मंग पंपच आना."

समोरची परत हसली. मीही हसलो. चप्पल घातली आणि निघालो.

पंप आणला मी. पण पंपच आणला असं नाही.

चौकातल्या दुकानात गर्दी होती. सीझनच तो, सगळ्यांचेच पंप जळलेले. त्या दुकानाच्या पलीकडं देशीचं दुकान आहे. आता गर्दी होती म्हणून मी तिकडं गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. गर्दी नसती तर गर्दी नाही, वेळ आहे, म्हणून गेलो असतो. पिणाऱ्याला कारणाची कमी कधीच पडत नाही. मी बसलो, एक घेतली, आणि दुसरी पुढ्यात असताना खिशात फोन वाजला.

नाव पाहिलं. समोरच्या वहिनीचं.

माझ्या घरचीला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. एक घेतलेली असली की माझं हॅलो गोड व्हायचं. दोन झाल्या की हॅलोच्या मागं 'जी' लागायचं. तीनच्या पुढं मी तिलाच विचारायचो, "कोन बोलून राह्यलं?" एवढी वर्षं ती अशीच मला फोनवर पकडत आली. म्हणून मला वाटलं, आज हिनं नवी युक्ती केली, समोरच्या बाईच्या फोनवरून लावते, म्हणजे मी गाफील उचलीन. मी नाही उचलला. परत वाजला, मी परत नाही उचलला. मग आवाज बंद करून खिशात ठेवला. आणि खरं सांगतो, माझ्या हुशारीवर मी खूश झालो. म्हटलं, बुढी पकडायला निघाली, पण मी का कच्चा खेळाडू आहे?

मग पंप घेतला, मूठभर सोप, म्हणजे बडीशेप, खाल्ली आणि तोंडाला हवा लागावी म्हणून लांबच्या रस्त्यानं घरी आलो. दाराला कुलूप. जाळ्या तशाच भिंतीला टेकवलेल्या. पानठेलेवाला म्हणाला, "अगा, वहिनीले दवाखान्यात नेलं ना. तुले फोन लावून लावून थकली ते समोरची."

दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. माझ्या हातात पंप. डॉक्टर तरुण होता, त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा पंपाकडं पाहिलं. म्हणाला, हृदय बंद पडलं. मग डॉक्टर लोक म्हणतात तसं म्हणाला, जरा आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

समोरची बाई तिथंच फरशीवर बसली. "मी भाऊजीले फोन लावत बसली," म्हणाली. "मले वाटलं ते येतीन, मंग नेऊ. मी फोनच लावत बसली हो."

मी बोलायला पाहिजे होतं. पण तोंडात सोप होती, आणि सोपेच्या मागं जे होतं ते बाहेर येईल म्हणून मी तोंडच उघडलं नाही. पुढं कोणी विचारलं तर म्हणालो, गर्दीत फोन ऐकू नाही आला. सगळ्यांनी मान हलवली. वस्तीतल्या बाया मात्र आपसात बोलायला लागल्या, की समोरचीनं वेळ घालवला, सरळ ऑटो बोलवायचा ना. ते तिच्या कानावर गेलं. माझ्याही गेलं. ते बोलणं तिच्या डोक्यावर राहू देणं मला सोयीचं होतं, म्हणून राहू दिलं.

माझं पिणं कसं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी हात उचलणारा पिणारा नव्हतो. हे मी एवढ्या लोकांना ऐकवलं आहे, जणू त्याबद्दल माझा शाल देऊन सत्कार व्हायला पाहिजे. मी बोलणारा आणि देणारा होतो. शुद्धीत असलो तर कोणाला स्क्रू पिळायचा पेचकस उसना देणार नाही. दोन गेल्या की मी राजा. "आन तुहा कूलर, फुकट बनवून देतो." सकाळी दार उघडावं तर तीन माणसं कूलर घेऊन उभी. मी आतूनच कुजबुजायचो, सांग घरी नाही म्हणून.

"बोलले ना?" ती म्हणायची. "मंग करा."

"मी कुठं बोललो? दारू बोलली."

"दारूले पेचकस धरता येते का? नाही ना. मंग उठा."

आणि तो कूलर मला करून द्यावाच लागायचा, ठणकत्या डोक्यानं.

बोलण्याचं त्याहून वाईट. पोळ्या लाटता लाटता ती मला आदल्या दिवशीचा सगळा हाल सांगायची, रागावून नाही, रेडिओवर बातम्या सांगतात तशी. "काल लग्नात तुमी नवरदेवाच्या बापाले म्हनलं, का जेवनातला बकरा लग्नाच्या वयाचा नव्हता, पेन्शनीत निघालेला होता. मंग माइक घेतला. मंग नवरीच्या मामाच्या गळ्यात पडून रडले, का तुमचा चेहरा माह्या भावासारखा आहे. तुमाले भाऊ नाही." मी मान खाली घालून चहात पाव बुडवत ऐकायचो. माझ्या निम्म्या आयुष्याची साक्षीदार तीच होती. मी स्वतः तर तिथं हजर नव्हतो.

बातम्या संपल्या की ती पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची. तिच्या हातची पाटोडी वस्तीत नावाजलेली. स्टीलच्या वाटीत भरायची, वर ताटली झाकायची आणि वाटी माझ्या हातात द्यायची. ज्याला बोललो त्याच्या दारी मी स्वतः न्यायची, तोंडानं माफी मागायची आणि वाटी देऊन यायची. मी निघालो की गल्लीला कळायचं. "आज कोनाकडं चालली गा वाटी?" पंगतीत काही नालायक तर मुद्दाम म्हणायचे, "याले अजून एक भर. उद्या पाटोडी खाऊ."

आमच्याकडं शेजारची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. चिमूटभर साखर घालतात, दोन लिंबं, चार मिरच्या, काहीतरी. वाटी भरून परत आली की प्रकरण मिटलं. वाटी परत आली का, एवढंच ती संध्याकाळी विचारायची.

वय झालं तसं मी पिणं कमी केलं. जिना चढताना धाप लागायला लागली होती. त्याला मी चारचौघांत निर्धार म्हणायचो.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गल्लीतच मांडव टाकून केला. पांढरे कपडे घालून सगळे उभे राहिलो, भंतेजींच्या मागून पंचशील म्हणायला लागलो. आता पाचवं शील नशेबद्दलचं आहे, हे आमच्यात लहान लेकरालाही माहीत असतं. माझी आयुष्यभराची सवय अशी, की भंतेजी चौथं संपवत आले की मला खोकला सुटायचा. पाचवं होईपर्यंत खोकायचो. लग्न असो, बारसं असो, माझा घसा बरोबर तिथंच धरायचा. आणि ती शेजारी उभी राहून पाचवं एवढ्या मोठ्यानं म्हणायची, की दोघांचंही भागून जायचं.

त्या दिवशीही खोकला आला. पण शेजारी कोणी नव्हतं. मांडवभर नुसता माझा खोकला ऐकू गेला. कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

जेवणं झाल्यावर माझा जोडीदार आला. आम्ही दोघांनी एकाच दुकानात पत्रा ठोकायला सुरुवात केली होती, आणि प्यायलाही. म्हणाला, "चाल गा मागं."

"आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी. आज तुले कोन काय म्हनन?"

खरंच होतं. असा परवाना मला आयुष्यात मिळाला नव्हता. बायको मेलेली, डोळे सुजलेले, आज मी काहीही केलं तरी लोक म्हणणार, दुःख आहे बिचाऱ्याला. मी त्याच्या मागून गेलो. पहिला गिलास आठवतो, स्टीलचा, कांद्याचा वास येणारा. दुसराही थोडा आठवतो. त्यानंतरचं काही नाही.

जाग आली तेव्हा सकाळ होती. मी खाटेवर, अंगात कालचाच पांढरा सदरा, एका पायात चप्पल. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता आणि मी सवयीनं बातम्यांची वाट पाहत पडून राहिलो. बराच वेळ झाला तरी बातम्या सुरू होईनात. मग ध्यानात आलं, की लाटत होती ती माझी मुलगी. एकच आहे, हुडकेश्वरला दिली. आईचं सगळं आटपायला आली होती.

उठून दारात गेलो. "काल काय केलं वं मी?"

"तुमाले नाही माहीत?"

"आठवत नाही."

"आई असती तं तिनं सांगतलं असतं." तिनं पोळी तव्यावर टाकली, जरा आपटूनच. "मी नाही सांगत, बाबा. मले तोंडात आनाची लाज वाटते. जा, गल्लीत विचारा. सगळे होते आयकाले."

मी आत गेलो. मग डब्यातून बेसन काढलं. पाटोडी मला येत नाही, ती कशी थापतात हे मी कधी पाहिलंच नाही, ती पोचवायचं काम तेवढं माझं होतं. म्हणून साधं बेसन कालवलं. गाठी झाल्या. खाली लागलं. मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती, मदत केली नाही. शेवटी न राहवून म्हणाली, "मीठ टाकलं का?" नव्हतं टाकलं. टाकलं. तीच स्टीलची वाटी शोधली, भरली, ताटली झाकली आणि बाहेर पडलो. हातात वाटी, पण कोणाकडं न्यायची हे माहीत नाही. अशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

आधी जोडीदाराकडं गेलो, गल्लीच्या टोकाला. त्याच्या खिडकीला कूलर लागलेला. माझा कूलर.

"हा इथं कसा गा?"

"तूच आनून देल्ला," तो म्हणाला. ओट्यावर बसून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. "जाळ्या बसवल्या, ठेल्यावर टाकला, ढकलत आनला. मी नाही नाही म्हनून राह्यलो. तू म्हने, माह्या घरी आता थंडी कोनाले पाह्यजे, घे."

तिन्ही बाजूंच्या जाळ्या बरोबर बसल्या होत्या. मेंदू गेला तरी हात कामावर होते म्हणायचं. पण त्या जाळ्यांत तिचं गवत होतं, तिच्या हातचं शेवटचं.

"नशेत बोललो गा मी," मी घाईघाईनं म्हणालो.

"मले का माहीत नाही? ने परत. ठेला मागंच आहे."

मला एवढं हायसं वाटलं, की वाटी हातातून पडता पडता राहिली. म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं. "अजून काय केलं मी?"

तो खर्रा घोटतच राहिला. तो घोटून कधीचा झाला होता. "ते वाटी समोरच्या वहिनीकडं घेऊन जा."

"काहून?"

"ते भांडे घासून राह्यली होती तुह्या घरचे. तू तिच्यापुढं जाऊन उभा राह्यला. म्हने, फोन लावत बसली, ऑटो नाही पाह्यला. म्हने, माही बायको तुह्या फोनानं मेली."

"मी म्हनलो?"

"तूच. मांडवातले सगळे लोक आयकून राह्यले होते. कोनी काही बोललं नाही. दुःखात आहे म्हने."

"मंग ते काय म्हने?"

"काही नाही. घासत होती, घासत राह्यली."

परत निघालो. त्याच्या घरापासून तिच्या घरापर्यंत मी वाक्य तयार केलं. वहिनी, ते मी नव्हतो, ते नशा होती. चांगलं वाक्य. आत्ताच वापरून पाहिलं होतं, कूलर परत मिळाला होता त्याच्यावर.

तिनं दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं, मग वाटीकडं पाहिलं.

"वाटी घेऊन आले?"

"होव."

"कोनं बनवलं?"

"मीच."

तिनं ताटली उचलून पाहिली. "हे काय आहे?"

"बेसन."

"बाप्पा," ती म्हणाली आणि ताटली झाकली. मी वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी. तुमी नशेत होते. शुद्धीवरचा मानूस असं नाही बोलत."

घ्या. माझंच वाक्य, तेही तिच्या तोंडून, फुकट. मी नुसती मान हलवायची आणि घरी जायचं.

"पन गोष्ट तं खरीच आहे ना," ती पुढं बोलली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मी फोनच लावत बसली. लोकं म्हनतेत ते काही खोटं नाही. मीच उशीर केला. मले झोप नाही येत हो."

मी वाटी उंबऱ्यावर ठेवली. 

"वहिनी, फोन मले आयकू आला होता."

"काय?"

"आयकू आला. दोनदा आला, मंग आवाजच बंद केला. तुमचं नाव पाह्यलं मी. उचलला नाही."

"काहून?"

"चौकात बसलो होतो. मले वाटलं, तेच लावून राह्यली तुमच्या फोनवरून. हॅलो म्हनलं असतं तं तिनं ओळखलं असतं."

हॅलोची गोष्ट तिला ठाऊक होती. किती वेळा दोघी त्यावरून हसल्या असतील. ती हसली नाही. दाराला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं तो सगळा दुपारचा वेळ परत गेला असावा. इकडं माझ्या घरची खाटेवर घाम पुसत पडलेली, वहिनीच्या हातात फोन, आणि मी तिकडं आवाज बंद करून बसलेला.

"मले म्हनले असते तं," ती म्हणाली, "त्याच दिवशी म्हनले असते तं."

"होव."

"काल मोठ्यानं बोलले होते तुमी."

"होव."

"मंग आज काहून हळू बोलून राह्यले?"

नळाची वेळ होती. गल्लीत बाया पाणी भरायचे गुंड घेऊन उभ्या, कालच्या मांडवातलेच सगळे. मी वळलो. दारू पिऊन माझा आवाज चौकापर्यंत जातो, असं लोक सांगतात. शुद्धीत तो किती बारीक आहे ते त्या दिवशी कळलं. "आयका गा," म्हणालो, तर कोणी वळूनही पाहिलं नाही. परत म्हणालो. आता सगळे वळले. सांगायला लागलो की फोन मला ऐकू आला होता, तेवढ्यात मधूनच एक स्कूटर भर्रकन गेली. ती जाईपर्यंत थांबावं लागलं आणि पहिल्यापासून परत सांगावं लागलं. फोन मले आयकू आला होता. मी पीत बसलो होतो. मी उचलला नाही. यांनी उशीर नाही केला, मी केला.

नळ चालूच होता. एका बाईचा गुंड भरून वाहायला लागला, तिनं बाजूला नाही घेतला. मला वाटलं कोणी शिवी देईल. पाटोडीवाले नालायकही तिथंच होते, ते नळाकडं पाहत राहिले.

मागं वळलो. तिनं वाटी उचलली, आत नेली आणि दार लावून घेतलं.

मी थांबलो. वाटी परत यायची सवय मला. उभा राहिलो, पायातली चप्पल सरळ केली, परत उभा राहिलो. दार उघडलं नाही. मुलीनं आमच्या दारातून हाक मारली, "बाबा, चहा." एवढंच, पण कालपासून तिनं मला मारलेली ती पहिली हाक होती.

चहा पीत होतो तर ठेल्याचा खडखडाट आला. जोडीदारानं कूलर परत आणला होता. घामाघूम झाला होता बिचारा.

"घे गा तुहा माल. बाजूला हो, उतरवू दे."

मी उठलो. ठेल्याला हात लावला. वरच्या जाळीतून गवताचा वास आला, नव्या गवताचा, आणि मला तो कूलर घरात पाहिजे होता. त्या महिन्यात मला दुसरं काहीच एवढं पाहिजे नव्हतं.

"राहू दे," मी म्हणालो. "वापस ने. दिला म्हंजे दिला."

"अगा, नशेत दिला ना तू."

"आत्ता तिकडं सांगून आलो, नशेत बोललो ते माह्यंच. मंग कूलर तेवढा दारूनं देल्ला, असं कसं म्हनू?"

त्यानं माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि वास घेतला. "सकाळी सकाळी पिऊन आला का?"

"नाही. तेच तं."

मुलगी दारात उभी होती. ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पंप त्या दिवसापासून त्याच पिशवीत पडून होता, दुकानाचा कागदही न काढलेला. "हा लागन ना," म्हणाली.

आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी ठेला परत ढकलत नेला. समोरचं दार बंदच होतं. कूलर त्याच्या खिडकीला लावला, स्टँडखाली वीट सरकवली, टाकीत पाणी घातलं, पंप बसवला, तार जोडली. बटण दाबलं. पंप लगेच चालू झाला, म्हाताऱ्या मिस्त्रीला लाजवेल असा. पाणी वर चढलं आणि जाळ्यांवर उतरायला लागलं.

तिनं भरलेल्या बाजू वरपासून खालपर्यंत सारख्या भिजल्या. माझ्या बाजूला पाणी वरच अडून बसलं. खाली हातभर गवत कोरडंच, फुफाट्यासारखं.

"राहू दे गा," जोडीदार म्हणाला. "चालते तसं."

"पानी उतरत नाही मंग," मी म्हणालो. बटण बंद केलं, जाळी उपसून काढली, त्याच्या ओट्यावर बसलो आणि ती मांडीवर घेतली.